तिथी बघून जा गं

अगं, हिरोशिमाची एक रात्र कमी कर आणि ती मियाजिमा बेटावर काढ. समोरच्या किनाऱ्यावरून फेरीबोटीने जेमतेम 10 मिनिटं लागतात, म्हणून सगळे सकाळी जातात नि चारला परततात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. पाण्यावर तरंगणारं इत्सुकुशिमा देवळाचं लाल तोरण बघायला धावले, तर समोर ओला चिखल आणि त्यात फोटो काढणारी माणसं!

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. आपल्या कोकणातल्यासारखंच आहे बघ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत जा. भरतीला तोरण पाण्यात उभं दिसतं आणि सहा तासांनी त्याच्या पायाशी चालत जाता येतं. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. जवळ गेलीस की मुख्य खांबांवर हात ठेव. कापराच्या झाडाचे आहेत. 1875 सालचं हे तोरण 16 मीटर उंच, पण जमिनीत गाडलेलं नाही. वरच्या पोकळ तुळईत दगड भरलेत आणि सगळं आपल्याच भाराने उभं आहे. फटींत नाणी मात्र खोचू नकोस. लाकूड खराब होतं.

आणि एक, तू फोनवर विचारायला लाजलीस ते. पाळी आली तरी खुशाल जा. एके काळी अख्खं बेटच देव मानलं जाई, म्हणून बाळंतपणाला बायकांना समोरच्या किनाऱ्यावर धाडत, मेलेल्यालाही तिकडेच नेत. बेटावर आजही स्मशान नाही. विटाळाचं ते गणित ऐकून मला आपली आजी आठवली आणि थोडा रागही आला. आता तिथे कुणी काही विचारत नाही. तूही स्वतःला विचारू नकोस.

इत्सुकुशिमा देवळातून बाहेर पडलीस की लगेच दाइगान्जी हे दुसरं देऊळ लागतं. गर्दी तिथे थांबत नाही. तू थांब. तिथली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेली. जपानी बेन्झाइतेनच्या हातात बहुधा वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य असतं. मला तिथे उगीचच माहेरी आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी शेवटचे पाहुणे बोटीत चढले की देवळापाशी जा. दिवे लागतात, पाणी देवळाच्या फळ्यांखाली चुबुकचुबुक करतं.

परतीचं तिकीट मात्र पर्सच्या आत ठेव. तिथली हरणं कागद खातात. माझा नकाशा गेला, अर्धा.