आकाशाशी पहिली ओळख : रेडिओ-नियंत्रित विमान उडविण्याचे शिक्षण

भिंगार हे गाव शेजारच्या शहराहून जुने आहे. इ. स. १४९० मध्ये मलिक अहमदने या परिसरात बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ साली जवळच नव्या शहराची उभारणी सुरू केली. पुढे अहमदनगर म्हणून ख्यातनाम झालेले हे शहर आज अहिल्यानगर या नावाने ओळखले जाते. भिंगारचे नाव मात्र तेच राहिले आणि त्याला लष्करी छावणीची जोड मिळाली. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि रणगाड्यांचे संग्रहालय यांमुळे येथील मुलांना यंत्रांचे आकर्षण लहानपणापासूनच असते.

या परिसराचा वैमानिकरहित विमानांशीही संबंध आला आहे. ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलारजवळ 'निशांत' हे वैमानिकरहित विमान भारतीय बनावटीच्या वँकेल इंजिनावर प्रथमच उडाले. त्या इंजिनाच्या निर्मितीत बंगळूरच्या दोन संस्थांबरोबर येथील वाहन संशोधन व विकास संस्थेचा वाटा होता. जमिनीवरून विमान चालविण्याची विद्या अशी मोठ्या प्रयोगशाळांत वाढत असली, तरी तिचे पहिले धडे एखाद्या मोकळ्या माळावर, किलोभर वजनाच्या प्रतिकृतीवरही गिरवता येतात.

छंदामागील परंपरा

फ्रान्समधील आल्फोन्स पेनो याने १८७१ साली रबराच्या पिळावर चालणारी छोटी प्रतिकृती पॅरिसच्या उद्यानात उडवून दाखविली. शेपटीच्या रचनेने विमान हवेत आपोआप स्थिर राहू शकते, हे तिने सिद्ध केले. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ मध्ये रेडिओ लहरींनी नियंत्रित होणारी प्रतिकृती यशस्वीपणे उडविली. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेची वायुशाखा १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाली. एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांच्या प्रतिकृती तयार करणे व उडविणे, हा तिच्या प्रशिक्षणाचा एक भाग आहे. हाताने फेकावयाचे ग्लायडर, दोरीने नियंत्रित केले जाणारे विमान आणि शेवटी रेडिओ-नियंत्रित विमान, असा हा क्रम चढत जातो. पहिल्या पायऱ्या गाळून शेवटच्या पायरीवर उडी मारणाऱ्या नवशिक्याचे विमान बहुधा पहिल्याच दिवशी मोडते. पैशांपेक्षाही मुलाचा उत्साह त्यात अधिक खर्ची पडतो.

योग्य विमानाची निवड

नवशिक्याला लढाऊ विमानाच्या देखण्या प्रतिकृतीचा मोह होतो. तो टाळणे इष्ट. शिकण्यासाठी पंख धडाच्या वर बसविलेले, पंखांची टोके किंचित वर उचललेली आणि वजनाने हलके असे विमान घ्यावे. अशा विमानाचे वजन पंखांच्या खाली लोंबते आणि ते कलले तरी स्वतःहून सरळ होऊ पाहते. चिवट फोमचे विमान आपटले, तरी गोंदाने जोडून त्याच दिवशी पुन्हा उडविता येते. बाल्सा लाकडाचे विमान हलके व सुरेख असते, परंतु त्याच्या दुरुस्तीला वेळ व कौशल्य लागते.

विमानाचे नियंत्रण चार गोष्टींनी होते. थ्रॉटलने मोटारीचा वेग बदलतो. एलिव्हेटरने नाक वर-खाली होते. रडरने ते डावी-उजवीकडे वळते आणि एलेरॉनने पंख कलतात. अगदी प्रारंभी एलेरॉन नसलेले, तीन नियंत्रणांचे विमानही पुरेसे होते.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे समतोल. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर असावा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल, तर तो बिंदू पुढील कडेपासून ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर येतो. तेथे दोन बोटांवर विमान तोलून पाहावे. नाक थोडे जड असलेले विमान जडपणे उडते, पण शेपूट जड असलेले विमान आवरतच नाही.

जमिनीवरची शिस्त

उड्डाणापूर्वीची तपासणी हा या शिक्षणाचा खरा पाया होय. प्रथम ट्रान्समीटर सुरू करावा आणि मगच विमानाची बॅटरी जोडावी. उतरल्यावर हा क्रम उलट असतो. बॅटरी जोडताच प्रोपेलर कोणत्याही क्षणी फिरू शकतो असे समजूनच हात, चेहरा व कपडे त्यापासून दूर ठेवावेत. त्यानंतर प्रत्येक काठी हलवून तिच्याशी जोडलेली पट्टी योग्य दिशेने वळते की नाही, हे पाहावे. डावी-उजवी बाजू उलट जोडली गेल्यामुळे जमिनीवरच संपलेली उड्डाणे थोडी नाहीत. संपर्क तुटल्यास मोटार आपोआप बंद होईल अशी व्यवस्था सुरू आहे याचीही खात्री करावी.

पूर्वी एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केले, की हवेतले विमान कोसळत असे. २.४ गिगाहर्ट्झची आधुनिक साधने आपापला रिसीव्हर ओळखतात, त्यामुळे तो धोका बराच कमी झाला आहे. तथापि, कमी अंतरावर संपर्काची चाचणी घेण्याची जुनी सवय आजही उपयुक्त आहे.

लिथियम पॉलिमर बॅटरी विशेष काळजी मागते. तिच्या प्रत्येक सेलचा दाब पूर्ण भारात ४.२ व्होल्ट असतो. साठवणुकीत तो ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये, कारण ती पेट घेऊ शकते. भारण चालू असताना माणूस जवळ असलाच पाहिजे.

हवेतील पहिले धडे

उड्डाण नेहमी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून करावे. संक्रांतीला पतंग उडविणाऱ्या मुलाला वाऱ्याची जाण असतेच. तीच येथे भांडवल ठरते. विमान प्रथम पुरेशा उंचीवर न्यावे, कारण चूक सुधारण्यास लागणारा वेळ उंचीच देते. नंतर विस्तीर्ण, सावकाश वळणे घ्यावीत. वळताना पंख कलला की उचल कमी होते, म्हणून एलिव्हेटर किंचित ओढावा लागतो. वेग फार कमी करून नाक वर ओढत राहिल्यास पंखांची उचल अचानक नाहीशी होते व विमान खाली कोसळू लागते. अशा वेळी काठी आणखी ओढण्याचा मोह आवरून नाक खाली जाऊ द्यावे, वेग येऊ द्यावा आणि मगच विमान सरळ करावे.

नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण निराळीच असते. विमान दूर जात असताना डावी काठी म्हणजे डावी बाजू, हे सोपे असते. तेच विमान समोरून येऊ लागले, की पाहणाऱ्याच्या दृष्टीने डावे-उजवे उलटे होते. नवशिका गोंधळतो आणि विमान गोल फिरत जमिनीवर येते. यावर जुन्याजाणत्यांचा एक सोपा उपाय आहे. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी न्यावी, जणू त्या पंखाला खालून टेकू दिला. ही सवय संगणकावरील सराव-प्रणालीवर काही तास घालवून लावता येते. तेथे विमान शंभरदा पडले तरी खर्च होत नाही.

शिक्षक व शिष्य यांचे ट्रान्समीटर जोडण्याची सोय हे या शिक्षणाचे उत्तम साधन आहे. शिक्षकाने कळ दाबून धरली असेतोवर नियंत्रण शिष्याकडे असते, ती सोडताच ते शिक्षकाकडे परत येते. चुकण्याची मुभा आणि सावरणारा हात, दोन्ही असले की भीती लवकर जाते.

जागा, वेळ आणि कायदा

या परिसराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर असल्याने हवा थोडी विरळ असते. उन्हाळी दुपारी ती आणखी विरळ होते. त्यामुळे जड विमानाला उतरताना वेग अधिक लागतो. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वारे नवशिक्यास झेपत नाहीत. हिवाळ्यातील शांत सकाळ व पीक निघाल्यानंतरचे मोकळे रान ही उत्तम संधी होय. विजेच्या तारा, रस्ता, वस्ती व गुरे यांपासून जागा दूर असावी.

यात हयगय चालत नाही. एक किलो वजनाचे विमान ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळले, तर तो आघात सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेल्या किलोभर दगडाइतका असतो. प्रेक्षक उडविणाऱ्याच्या मागेच उभे राहावेत आणि विमान कधीही त्यांच्या डोक्यावरून नेऊ नये.

भिंगारच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. छावणी व संरक्षण संस्थांच्या हद्दीत वा लगत परवानगीविना काहीही उडविता कामा नये. ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केलेले असून लाल विभागात केंद्र शासनाची परवानगी आवश्यक असते. कमाल २५ किलो वजनाच्या, शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. परंतु ही सूट म्हणजे कोठेही उडविण्याचा परवाना नव्हे. नियमांत वेळोवेळी बदल होतात आणि तात्पुरते निर्बंधही घातले जातात. म्हणून प्रत्येक कार्यक्रमापूर्वी हवाई क्षेत्राचा शासकीय नकाशा पाहावा, नोंदणीविषयीची अट तपासावी व स्थानिक पोलीस ठाण्यास पूर्वकल्पना द्यावी.

शाळा व पंचायत यांचे कार्य

भिंगारच्या मुलांना सरावासाठी छावणीपासून दूरच्या गावांकडे जावे लागणार. तेथील ग्रामपंचायतीने ठरावीक दिवशी सकाळचे दोन तास एखादे मोकळे रान उपलब्ध करून दिले आणि शाळेने एका शिक्षकाकडे जबाबदारी सोपविली, तर मुले लपूनछपून छपरावरून वा रस्त्यावरून विमाने उडविणार नाहीत. एका शाळेला एकच विमान, एकच सराव-संगणक व दोन ट्रान्समीटर पुरतात. मुलांनी पाळीपाळीने शिकावे आणि मोडलेले विमान स्वतः दुरुस्त करावे. गुरुत्वमध्य, उचल, विद्युतदाब हे पाठ्यपुस्तकातील शब्द तेव्हा त्यांच्या हाताला लागतात.

विमान सुखरूप उतरविणे हीच या विद्येची परीक्षा आहे. थ्रॉटल कमी करीत, वाऱ्याला सामोरे जात, घाई न करता विमान जमिनीवर टेकविणारा मुलगा किंवा मुलगी यंत्राबरोबर स्वतःवरही ताबा मिळविते. आकाश मोकळे असले तरी त्याचे नियम आहेत, एवढी जाण शालेय वयातच रुजली, तर या छंदावर झालेला खर्च सार्थकी लागेल.