पावणेसात नॅनोसेकंदांचा मामला

प्रश्न : आमचा घरचा वायफाय राउटर दोन हजारांत आला. मुलगा नेटवर्किंगच्या नोकरीत आहे. तो म्हणतो, त्यांच्याकडच्या राउटरची किंमत कोटींत जाते. काम दोघांचंही पॅकेट पुढे पाठवण्याचंच ना? मग एवढा फरक कशाचा? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुलगा थापा मारत नाहीये. तुमच्या घरच्या राउटरला जगाची काहीच खबर नसते आणि ती लागतही नाही. बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट तो डोळे मिटून इंटरनेट कंपनीकडे ढकलतो. पुढचं त्यांनी बघावं. पण ढकलाढकली कुठेतरी थांबतेच. ती थांबते इंटरनेटच्या कण्यावरच्या, म्हणजे बॅकबोनवरच्या राउटरपाशी. त्याला जगभरातल्या नेटवर्कचे रस्ते स्वतःच ठाऊक असावे लागतात. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे असे रस्ते आज ९ लाखांच्या वर आहेत.

आता वेळेचा हिशेब बघा. १०० गिगाबिटच्या एका पोर्टवर लहानात लहान, म्हणजे ६४ बाइटची पॅकेट लागोपाठ आली, तर ती सेकंदाला १४ कोटी ८८ लाख होतात. एकेकाचा रस्ता त्या लाखो नोंदींतून शोधायला ६.७ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम दोन मीटर जातो! साध्या रॅममधून एक नोंद काढायलाच याच्या कितीतरी पट वेळ लागतो. शिवाय एका पत्त्याला अनेक नोंदी लागू पडतात. त्यांतली सर्वांत नेमकी निवडायची. आणि असे पोर्ट एकाच राउटरला डझनांनी.

म्हणून कामाची वाटणी करतात. शेजारच्या राउटरशी बीजीपी या राउटरांच्या ठरलेल्या भाषेत बोलून रस्त्यांचा तक्ता बनवायचा, हे प्रोसेसरचं काम. ते तो सवडीने करतो. तयार तक्ता पोर्टांच्या कार्डांवरच्या खास चिपमध्ये उतरतो. पॅकेट आल्यावर चिप फक्त तक्त्यात बघते, ठरवत काही नाही. ज्युनिपरच्या १९९८ सालच्या एम४० राउटरने ही फारकत गाजवली. (कंपनीचे संस्थापक प्रदीप सिंधू आयआयटी कानपूरचे.)

कित्येक राउटरांत हा तक्ता टीकॅम नावाच्या मेमरीत असतो. ती सगळ्या नोंदी एका दमात ताडून बघते. त्यामुळे ती महाग, वीज खाणारी, तापणारी. आणि जागा मोजकीच.

ती संपली की काय होतं, ते १२ ऑगस्ट २०१४ रोजी दिसलं. सिस्कोच्या कॅटलिस्ट ६५०० आणि ७६०० मालिकांतल्या अनेक जुन्या यंत्रांत आयपीव्ही४साठी मुळातच सुमारे ५ लाख १२ हजार नोंदींची जागा राखलेली होती. त्या दिवशी एका अमेरिकी कंपनीकडून सुमारे पंधरा हजार जादा रस्ते चुकून जाहीर झाले आणि जगाच्या तक्त्याने तो आकडा ओलांडला. न मावलेल्या नोंदींची पॅकेट सॉफ्टवेअरने हाकायची वेळ आली, प्रोसेसर गुदमरले, ईबेसारख्या साइटही अडखळल्या. सिस्कोने आधीच सावध केलं होतं. पण चालू यंत्राला हात लावतो कोण? इलाज साधा होता : नव्या पत्तापद्धतीसाठी, म्हणजे आयपीव्ही६साठी राखलेली जागा कमी करून आयपीव्ही४ला द्यायची आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं.

दुहेरी पॉवर सप्लाय, यंत्र चालू असतानाच बदलता येणारी कार्डं यांचेही पैसे पडतात. पण जाणकार मंडळी कोटेशन मागवताना गिगाबिटांच्या जोडीने आणखी एक आकडा हमखास विचारतात : तक्त्यात नोंदी किती मावतात?