जुन्या मीटरची बॅटरी बदलण्याआधी

एचपी ३४७८ए हा साडेपाच अंकी मल्टिमीटर १९८०च्या दशकातला. जुन्या मालात तो अजून मिळतो आणि चांगल्या स्थितीतला असेल तर जरूर घ्यावा. पण त्याच्या आत ३ व्होल्टची लिथियम बॅटरी सोल्डर केलेली असते. कॅलिब्रेशनचे सगळे आकडे मेमरीत टिकतात ते तिच्या जिवावर. ती संपली की मीटर चालू होतो, पण त्याच्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही.

रेंज, व्होल्ट की ओहम, ही रोजची सेटिंग मीटर बंद केल्यावर जातात. त्यांची चिंता नको, बटणं दाबून ती परत लागतात. कॅलिब्रेशन तसं परत येत नाही. म्हणून बॅटरी आणायला जाण्याआधी त्याची नक्कल काढून घ्या.

ही नक्कल जेमतेम २५६ अक्षरांची असते. फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि एका कागदावर छापून मीटरच्या बिलाला जोडा. ती काढायला मीटरमागच्या जीपीआयबी सॉकेटला संगणक जोडावा लागतो. नामांकित कंपनीचा नवा यूएसबी अडॅप्टर पन्नास हजारांच्या पुढे जातो. एका मीटरसाठी तो घेऊ नये. आर्डुइनोवर चालणारा एआर४८८ हा मोफत प्रोग्राम आहे. बोर्ड, कनेक्टर आणि वायर मिळून काम साधारण हजार-दीड हजारात होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत हा माल मिळतो. ओळखीच्या कॉलेजात जीपीआयबी कार्ड असेल तर तेवढाही खर्च नाही. वाचताना समोरचा ‘कॅल एनेबल’चा स्क्रू बंदच असू द्या. तो फक्त आकडे परत भरताना फिरवायचा आणि काम होताच पुन्हा बंद करायचा.

बॅटरी काही शे रुपयांची. लिथियम सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहतो आणि मग झपाट्याने पडतो. त्यामुळे ३ व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. सोल्डरिंग करताना मीटरचा प्लग काढलेला हवा. आकडे पुसले गेले तरी आता हरकत नाही, फाइल हाताशी आहे. मात्र दुसऱ्या मीटरची फाइल कधीही भरू नका. हे आकडे त्या एकाच मीटरच्या सुट्या भागांना जुळवलेले असतात. मोजमापाच्या सर्किटमधला भाग बदलला असेल तर स्वतःची जुनी फाइलही उपयोगाची नाही.

नक्कल नसेल तर प्रयोगशाळेत जावं लागतं, आणि खरा खर्च तिथे आहे. शुल्क काही हजारांत, वर १८ टक्के जीएसटी, शिवाय नेण्या-आणण्याचं भाडं. कोटेशन मागताना एक गोष्ट लेखी विचारा: नुसती तपासणी, की अ‍ॅडजस्टमेंटसुद्धा? पुष्कळ ठिकाणी चूक किती आहे ते प्रमाणपत्रात लिहून मीटर तसाच परत देतात. अ‍ॅडजस्टमेंटचे पैसे वेगळे लागतात, काही ठिकाणी ती करतच नाहीत. मुंबईत चुनाभट्टीची आयडेमी आणि अंधेरीची ईआरटीएल (पश्चिम) या सरकारी संस्था आहेत. खासगी प्रयोगशाळा निवडताना एनएबीएल मान्यता तुम्हाला हव्या त्या रेंजसाठी आहे का, ते पाहा. ग्राहकाला किंवा ऑडिटला प्रमाणपत्र दाखवायचं असेल तर आकडे परत भरल्यावरही तपासणी करून घ्यावीच लागेल. घरच्या वर्कशॉपला मात्र खात्रीच्या दुसऱ्या मीटरशी रीडिंग ताडून पाहिलं तरी पुरे.

एचपी ३४५८ए बाळगणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये. त्यात कॅलिब्रेशन डॅलस कंपनीच्या डीएस१२२० चिपमध्ये असतं आणि बॅटरी चिपच्या आतच बंद असते. उत्पादकाची हमी १० वर्षांची.