बाप धावत गेला

येशूने सांगितलेली ही गोष्ट बायबलात आहे. धाकट्या मुलाने बापाकडून आपला वाटा घेतला. परमुलखात सारा उधळला. दुष्काळ पडला. तो डुकरे राखू लागला. मग शुद्धीवर आला. "बाबा, माझं चुकलं," असे म्हणायला घरी निघाला. बापाने त्याला दुरून पाहिले आणि धावत जाऊन पोटाशी धरले.

बापाकडे पाठ फिरवणे, हे पाप. बापाने पुन्हा जवळ घेणे, हे तारण. ख्रिस्ती लोक असे मानतात.

कवी नारायण वामन टिळक नागपूरला, राजनांदगावला राहिले होते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे परत आल्या. टिळकांनी आपली बोली सोडली नाही. ख्रिस्ताची भजने अभंगात रचली.

सांगा बरे: बाप का धावला?