मुक्तिदिनाचा पाठ
(इयत्ता सातवीसाठी)

हेतू : गुलामगिरी कशी संपली हे मुलांस समजावे आणि शाळेत कोणीही परका राहू नये, ही वृत्ती त्यांच्या ठायी बाणावी.

प्रस्तावना : शिक्षकांनी प्रथम एक प्रश्न विचारावा. 'एखाद्याची सुटका झाली, पण ती अमलात आणणारे कोणीच आले नाही, तर तो मुक्त झाला काय?' मुलांस मोकळेपणाने बोलू द्यावे.

विवेचन : अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर दक्षिणी राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. टेक्सास राज्यात मात्र ही घोषणा अमलात आली नाही. १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन येथे आज्ञापत्र काढले, तेव्हा तेथील सुमारे अडीच लक्ष गुलामांच्या मुक्तीस आरंभ झाला. २०२१ पासून हा दिवस तेथे राष्ट्रीय सुटीचा आहे.

दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामास अक्षरओळख करून देणे हा गुन्हा होता. म्हणूनच मुक्तीनंतर मुलांबरोबर वृद्धही शाळेत येऊन मुळाक्षरे गिरवू लागले.

विद्येची मंदिरेही या पापापासून अलिप्त नव्हती. १८३८ साली मेरिलंडमधील जेझुइट धर्मगुरूंनी २७२ माणसे विकण्याचा करार केला. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाऊन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास गेला. २०१५ साली त्या विद्यापीठाने विक्रीस जबाबदार असलेल्या धर्मगुरूंची नावे दोन इमारतींवरून काढली. २०१७ साली एका इमारतीस विक्रीपत्रातील पहिले नाव, आयझॅक हॉकिन्स यांचे, दिले. दुसरीस कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढणाऱ्या अ‍ॅन मेरी बेक्राफ्ट यांचे दिले. विकलेल्यांच्या वंशजांचा प्रवेशाच्या वेळी विशेष विचार करण्याचेही ठरले. स्मरणास कृतीची जोड मिळाली ती अशी.

या मुक्तीचे मोल महाराष्ट्रानेही ओळखले होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव फुले यांनी १८७३ चा आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांस अर्पण केला आणि स्वदेशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त केली.

उपयोजन : महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जूनचा मध्य म्हणजे शाळेचा पट भरण्याचे दिवस. शिक्षकांनी या पाठाच्या दिवशी आपलाच वर्ग न्याहाळावा. शेवटच्या ओळीत नेहमी कोण बसते? कोणाच्या हातचे पाणी इतर मुले टाळतात? ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाचे मूल परत आले, तर त्याची जागा राखलेली असते काय? उत्तर मुलांसमोर उच्चारू नये, कोणाकडे बोटही दाखवू नये. दुसऱ्या दिवशी बसण्याच्या जागा फिरवाव्यात आणि पाणी वाढण्याची पाळी सर्वांस द्यावी.

टेक्सासमध्ये मुक्तीची घोषणा अमलात येण्यास अडीच वर्षे लागली. भारतीय संविधानाने २६ जानेवारी १९५० रोजी दिलेली समता वर्गातील शेवटच्या मुलापर्यंत पोचविणे शिक्षकाच्या हाती आहे.