वस्तींतील रस्ते व जड वाहनें

शाळेपुढील रस्त्यानें मालाचे ट्रक जातात, तेव्हां धूळ व आवाज यांचाच आम्हांस त्रास वाटतो. रस्त्याची हानि सहसा ध्यानांत येत नाहीं. १९५८ ते १९६० मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत झालेल्या प्रयोगांवरून असें आढळलें, कीं चाकांच्या आंसावरील भार दुप्पट झाल्यास रस्त्याची झीज सुमारें १६ पट होते. सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्याचें स्वरूप पाहून अशा वाहनांस बंदी करण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ११५ वें कलम राज्य सरकारास देतें. परंतु धान्य, विटा, कोळसा आम्हां सर्वांसच हवा. यास्तव बंदीबरोबरच पर्यायी मार्ग व मालाच्या वेळाही ठरविल्या पाहिजेत; नाहीं तर आमच्या गल्लींतील संकट शेजारच्या गल्लींतील मुलांच्या वाट्यास जाईल. तो न्याय नव्हे.