खिडकीबाहेरचें प्रेम

ज्यांच्यावर आपला जीव असतो त्यांना कष्ट पडूं नयेत, असें प्रत्येकास वाटतें. मूल अडखळलें कीं आईचा हात पुढें होतो. धाकट्याचें गणित अडलें कीं थोरला भाऊ तें सोडवून देतो. परंतु दुसऱ्याचे कष्ट उचलतांना, त्या कष्टांतून त्याला मिळावयाचें बळही आपण हिरावून घेत नाहीं ना, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. हेलन केलर यांच्या बालपणांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. तें आज आपण पाहूं.

हेलनचा जन्म अमेरिकेंतील टस्कंबिया या गांवीं १८८० सालीं झाला. १९ महिन्यांची असतां एका आजारानें तिची दृष्टि गेली व श्रवणशक्तिही गेली. अशा लेकरास रागें भरावें तरी कसें? जेवतांना ती दुसऱ्यांच्या ताटांत हात घालून हवें तें घेई. मनाविरुद्ध कांहीं झालें कीं लाथा झाडी. आणि घरचीं माणसें दयेपोटीं सारें सोशीत.

ता. ३ मार्च १८८७ रोजीं ॲन सुलिव्हन नांवाची वीस वर्षांची शिक्षिका त्या घरीं आली. तिनेंही लहानपणीं अंधत्वाचें दुःख भोगलें होतें. एके दिवशीं न्याहारीच्या वेळीं तिनें हेलनला आपल्या ताटांत हात घालूं दिला नाहीं. घरचीं माणसें कष्टी होऊन बाहेर गेलीं; शिक्षिकेनें दार लावून घेतलें. हेलननें जमिनीवर लोळण घेतली, हातांत दिलेला चमचा फेकून दिला. शिक्षिकेनें तो तिलाच उचलावयास लाविलें. पुष्कळ झगड्यानंतर ती चमच्यानें जेवली. मग शिक्षिका आपल्या खोलींत गेली आणि पोटभर रडली. तिचा निग्रह कठोरपणाचा नव्हता, हें यावरून उघड होतें.

हट्ट पुरविणारीं माणसें जवळ असतां ही मुलगी शिकावयाची नाहीं, असें तिनें ओळखलें. घराजवळच्या बागेंत एक लहान घर होतें. तेथें कांहीं दिवस दोघींनींच राहावें, असें ठरलें. आईबापांनीं रोज येऊन मुलीस पाहावें, परंतु आपण आल्याचें तिला कळूं देऊं नये, अशी अट होती. एके सकाळीं वडिलांनीं खिडकींतून पाहिलें, तों ती शांतपणें आपल्या कामांत गढून गेली होती! आंत जाऊन तिला उराशीं धरावें, असें त्यांना वाटलें नसेल काय? परंतु ते बाहेरच राहिले.

त्याच वर्षीं ता. ५ एप्रिल रोजीं हेलनच्या एका हातावर पंपाच्या पाण्याची धार सोडून, दुसऱ्या हातावर शिक्षिकेनें बोटांच्या खुणांनीं 'पाणी' या अर्थाचा शब्द लिहिला. प्रत्येक वस्तूला नांव असतें, हें त्या क्षणीं हेलनला उमगलें. पुढें १८९९ सालीं रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेंत शिक्षिकेस प्रश्न वाचून दाखविण्याची परवानगी मिळाली नाहीं. ब्रेल लिपींत उतरविलेले बीजगणिताचे प्रश्न अपरिचित चिन्हांमुळें हेलन यांस फार जड गेले. तरी त्या उत्तीर्ण झाल्या, आणि १९०४ सालीं बी. ए. झाल्या.

या कथेचा अर्थ मुलांना वाऱ्यावर सोडावें, असा नव्हे. शिक्षिका त्याच घरांत रात्रंदिवस होती, आईबाप खिडकीशीं येत होते, ताटांत अन्नही तयार होतें. चमचा मात्र हेलनच्याच हातीं होता. आजार, उपासमार किंवा अन्याय यांत कोणासही एकटें टाकूं नये. तेथें धांवून जाणें हाच धर्म. परंतु जें काम ज्याच्या हातून होण्याजोगें आहे, तें त्यालाच करूं द्यावें, मग वेळ लागो कीं चूक होवो.

पालकांनीं मुलाची वही आपल्या हातीं घेण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्या थांबण्यांत त्यांनाच अधिक कष्ट आहेत, हें आम्हीं जाणतों. आणि विद्यार्थिमित्रहो, वडील माणसें जवळ असूनही मदतीस येत नाहींत, तेव्हां त्यांचें प्रेम आटलें, असें समजूं नका. कदाचित् तीं खिडकीशीं उभीं असतील.